उपग्रह आणि आमचे कारखाने

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या पीएसएलव्ही-सी ३४ या अग्निबाणाने वीस उपग्रह कक्षेत सोडले. त्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, किलोभराहून किंचित हलका ‘स्वयम्’ होता. त्याचे कौतुक झाले ते यथोचितच. परंतु त्याला वर नेणाऱ्या अग्निबाणाच्या घडणीत आपला वाटा किती, हा प्रश्न पिंपरी-चिंचवड-चाकणच्या उद्योगपट्ट्याने स्वतःस फारसा विचारलेला दिसत नाही.

उपग्रह उंच फेकला की काम झाले, ही समजूत खरी नव्हे. पाचशे किलोमीटरांवर नुसती नेऊन सोडलेली वस्तू सरळ खाली येईल. तिला आडवा वेग हवा, तोही सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक. मग ती पडत राहते, पण पृथ्वीचा गोलावाही तिच्याखालून तितकाच वळत जातो. या वेगासाठी सुमारे ३२० टनांचा अग्निबाण चार टप्प्यांत जळतो आणि कक्षेत पोचणारे ओझे फार तर पावणेदोन टनांच्या घरातले! अशा हिशेबात कवच जाड झाले तर ओझे घटते, कच्चे राहिले तर सर्वस्व जाते. १८ मे २०२५ रोजी सी ६१ चे पहिले दोन टप्पे बिनचूक चालले; तिसऱ्यातील दाब घसरला आणि उपग्रह हातचा गेला.

हे काम आमच्या जिल्ह्यास परके नाही. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरने साखर कारखान्यांची यंत्रे घडविली, तशीच अग्निबाणांची पोलादी कवचेही घडविली. मग भोसरीच्या लघुउद्योजकाने मोटारीच्या सुट्या भागांवरच का विसंबावे? विजेच्या मोटारीस पिस्टन लागत नाही, हे त्यालाही कळते. कसब त्याच्यापाशी आहे. घोडे अडते ते परीक्षणापाशी. मोटारीचे भाग हजारोंनी निघतात, त्यांतले नमुने तपासून भागते. अग्निबाणाचे भाग मोजकेच. प्रत्येकाची मूळ धातूपासूनची नोंद हवी, क्ष-किरण तपासणी हवी, कंपनाची कसोटी हवी. एकट्या कारखानदारास हा खर्च झेपणारा नव्हे.

मोटारींसाठी १९६६ साली एआरएआय ही संशोधनसंस्था स्थापन झाली आणि आज चाकणलाही तिचे केंद्र आहे. अवकाशक्षेत्र २०२० मध्ये खासगी उद्योगांस खुले झाल्यावर इन-स्पेसने चाचण्यांची सोय केली, ती अहमदाबादेस. तसेच एक सामायिक परीक्षणगृह चाकण परिसरात उभारावे, अशी आमची राज्य सरकारकडे मागणी आहे. जमीन औद्योगिक विकास महामंडळाने द्यावी; चालू खर्चातील आपला हिस्सा किती, हे उद्योजकांच्या संघटनांनी प्रथम लेखी कळवावे.