कुलूप त्यांचे, किल्लीही त्यांचीच?

शस्त्रास्त्रांच्या निर्यातीवर राष्ट्राने निर्बंध घालावेत, याविषयी दुमत नाही. परंतु गणिताच्या सूत्राची गणना शस्त्रात व्हावी काय? अमेरिकेने नेमके तेच केले. मजकूर कूटलिपीत बांधणारे सॉफ्टवेअर १९९६ सालापर्यंत तेथे युद्धसामग्रीच्या यादीत मोडत असे.

फिल झिमरमन यांनी १९९१ साली ‘पीजीपी’ हे असे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. ते इंटरनेटवरून देशाबाहेर पोहोचताच त्यांच्यामागे फौजदारी चौकशीचा ससेमिरा लागला. जानेवारी १९९६ मध्ये ती चौकशी आरोपपत्राविनाच गुंडाळावी लागली. दरम्यान १९९५ साली एमआयटीच्या प्रकाशनसंस्थेने त्याची मूळ आज्ञावली पुस्तकरूपाने छापली. फ्लॉपीवर नेली तर गुन्हा, पुस्तकात नेली तर विद्या! अशा विसंगतीवर कायदा फार काळ उभा राहू शकत नाही. २००० साली नियम सैल झाले. खुल्या आज्ञावलीसाठी सरकारी खात्यांना केवळ ईमेलने कळविणे पुरेसे ठरले. प्रमाणित कूटपद्धतींपुरती ही अटही २०२१ साली गेली.

मात्र या धोरणाची किंमत जगाने मोजली. अमेरिका व कॅनडाबाहेरच्या ग्राहकांना त्या काळी ४० बिटांची, म्हणजे हेतुपुरस्सर दुबळी ठेवलेली कुलपे विकली जात. त्या दुबळेपणाचे अवशेष सॉफ्टवेअरमध्ये तसेच राहिले आणि २०१५ साली ‘फ्रीक’ या नावाने त्यांतील धोका उघड झाला. खुद्द अमेरिकी सरकारची काही संकेतस्थळेही त्यात सापडली. दुसऱ्यासाठी खणलेला खड्डा तो हाच! आणि विद्या कोणा एकाची मिरास नसते, हेही अमेरिकेलाच मान्य करावे लागले. तिने २००१ साली राष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारलेली ‘एईएस’ ही कूटपद्धती बेल्जियमच्या दोन तज्ज्ञांनी रचलेली आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये भारत निर्यात नियंत्रणाच्या वासेनार व्यवस्थेत सामील झाला. काल ज्यांच्यावर निर्बंध होते, ते आज निर्बंध घालणाऱ्यांच्या पंक्तीत बसले आहेत. या पंक्तीचे भान ठेवायला हवे. सर्वांसाठी खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरला वासेनारच्या नियमांतच सूट आहे. ती आपल्याकडे कागदावर न राहता तरुण संगणकतज्ज्ञांच्या प्रत्यक्ष अनुभवास आली पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खुली आज्ञावली ओळ न् ओळ तपासून पाहणारी माणसे येथे घडली पाहिजेत. दुसऱ्याने दिलेले कुलूप स्वतः न पारखता जो घराला लावतो, त्याच्या घराची राखण दुसऱ्याच्याच मर्जीवर चालते.