किट आपले, मणी कुणाचे?

हदगावातल्या एखाद्या बाईने थायरॉइडच्या तपासणीसाठी रक्त दिले की तो नमुना बहुधा नांदेडला जातो आणि एक-दोन दिवसांत मोबाइलवर टीएसएचचा आकडा येतो. तो आकडा निघतो कसा, हे तिला ठाऊक नसते. खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांपैकीही अनेकांना नसते. अशा तपासण्या करणाऱ्या अनेक यंत्रांत तपकिरी पाण्याची एक छोटी बाटली असते. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे मणी असतात. मण्यात लोहाचा ऑक्साइड, त्याभोवती प्लॅस्टिकच्या जातीचा पॉलिमर आणि पृष्ठभागावर बसवलेली अँटिबॉडी. अँटिबॉडी रक्तातला टीएसएच धरते, बाहेरून चुंबक लावला की मणी नळीच्या भिंतीला चिकटतात आणि उरलेले सगळे धुऊन टाकता येते. एचआयव्हीच्या रुग्णाचा व्हायरल लोड मोजतानाही बऱ्याच यंत्रांत हीच युक्ती असते. तिथे मणी विषाणूचे आरएनए पकडतात, एवढाच फरक.

या मण्यांची किंमत आपल्याला २०२० साली कळायला हवी होती. त्या मार्चमध्ये पुण्याच्या मायलॅबच्या पीसीआर किटला मान्यता मिळाली आणि सगळ्यांना हायसे वाटले. पण पीसीआर ही पुढची पायरी. आधी घशाच्या स्रावातून आरएनए वेगळे काढावे लागते, आणि देशभर टंचाई झाली ती नेमकी त्या किटची, कारण त्यांतला मोठा वाटा आयातीचा होता. एप्रिलमध्ये तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने चुंबकीय नॅनोकण वापरणारे ‘चित्रा मॅग्ना’ हे किट पुढे आणले. इतक्या थोड्या दिवसांत ते जमले, यामागे संस्थेची आधीची अनेक वर्षांची मेहनत होती. साथ आल्यावर विहीर खणायला घेतली असती तर पाणी लागले नसते.

मणी करण्याची कृती ऐकायला अवघड, पण तिचे भाऊबंद आपल्या घरात आहेत. भिंतीचा इमल्शन रंग आणि १९५९पासून मिळणारा फेविकॉलसारखा पांढरा डिंक याच पद्धतीने तयार होतात. दुधात स्निग्धांशाचे बारीक थेंब जसे पाण्यात तरंगत राहतात, तसे स्टायरीनसारख्या तेलकट द्रवाचे थेंब साबणासारख्या पदार्थाच्या मदतीने पाण्यात तरंगत ठेवायचे. मग साधारण सत्तर अंशांवर पोटॅशियम परसल्फेट घालायचे. रेणूंच्या साखळ्या जुळत जातात आणि द्रवाच्या जागी घन कण तयार होतात. मणी चुंबकीय हवा असेल तर लोहाच्या दोन क्षारांत अमोनिया घालून काळा मॅग्नेटाइट पाडायचा, त्याला ओलिक आम्लाचा लेप द्यायचा, म्हणजे तो तेलात मिसळतो. नंतर ते तेल ध्वनिलहरींनी फोडून अतिसूक्ष्म थेंब करायचे आणि त्या थेंबातच पॉलिमर घडवायचा. मॅग्नेटाइटचे कण वीसेक नॅनोमीटरपेक्षा लहान ठेवावे लागतात. एवढ्या लहान कणाचे चुंबकत्व बाहेरचा चुंबक दूर होताच मावळते. तसे झाले नाही तर मणी एकमेकांना चिकटून गोळा होतील आणि पुन्हा पाण्यात पसरणारच नाहीत.

खरी अडचण आहे सारखेपणाची. रंगाच्या डब्यातले कण लहानमोठे असले तरी भिंतीला फरक पडत नाही, तपासणीत पडतो. एका मण्यात लोह जास्त, दुसऱ्यात कमी असेल तर एक झटकन चिकटतो आणि दुसरा धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. आज आलेला टीएसएच आणि महिन्याने दुसऱ्या बॅचवर आलेला टीएसएच जुळला नाही, तर त्या बाईची गोळी मी वाढवायची की कमी करायची? एका मापाचे मोठे मणी फक्त अंतराळातच करता येतील, अशी एके काळी समजूत होती आणि अमेरिकेच्या नासाने तशी तयारीही चालवली होती. नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममध्ये जॉन उगेलस्टाड यांनी १९७६ साली ते जमिनीवरच करून दाखवले. पुढे त्यांत लोह भरून झालेले ‘डायनाबीड्स’ जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले. ते मायक्रॉनच्या मापाचे, म्हणजे नॅनोकणांहून कितीतरी मोठे. पण धडा तोच.

‘नॅनो’ हा शब्द ऐकून कर्करोगावरच्या चमत्कारिक इलाजाबद्दल विचारणारे नातेवाईक मला भेटतात. चुंबकीय कण तापवून गाठ जाळण्यावर मुंबईच्या आयआयटीसह अनेक ठिकाणी संशोधन झाले आहे, पण आपल्या रुग्णालयात मिळणारा तो उपचार नव्हे. कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. या कणांचे आज पक्के काम नळीत आहे, शरीरात नाही.

म्हणून सरकारी खरेदीत ‘स्वदेशी’ शिक्का पाहून थांबू नये. किटमधले मणी कुठे झाले आणि एका बॅचचा निकाल दुसऱ्या बॅचशी किती जुळतो, हे निविदेतच विचारावे. राज्यातल्या रसायनशास्त्र विभागांत मॅग्नेटाइटचे नॅनोकण करणे आता नवलाईचे राहिलेले नाही. एमएस्सीची मुलेही करतात. पण ते काम शोधनिबंधावर संपते. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ विष्णुपुरीत आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही विष्णुपुरीतच. विद्यापीठात केलेले मणी, नीती समितीची परवानगी घेऊन, महाविद्यालयात उरलेल्या रक्तनमुन्यांवर आयात मण्यांशेजारी ठेवून तपासायचे, तर त्यासाठी विमानाची गरज नाही. एक स्कूटर पुरेल.