आधी पाणवनस्पती, मग मासे

शोभिवंत मत्स्यपालनाविषयी आपल्याकडे जे बोलले व लिहिले जाते, ते बहुतेक सर्व उत्पादकाच्या बाजूने. टाक्या किती, जोड्या किती, पिल्ले किती आणि अनुदान किती. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील लहान घटकाचा खर्च ३ लाख रुपये, मध्यम घटकाचा ८ लाख आणि एकात्मिक घटकाचा २५ लाख रुपये धरला आहे. त्यावर सर्वसाधारण गटास ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींस ६० टक्के साहाय्य मिळते. हे आकडे विस्तार कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतात, आणि असावेतही. मात्र शेतकऱ्याने वाढविलेला मासा ज्या घरी जातो, तेथे तो किती दिवस जगतो, हा प्रश्न आपल्या प्रशिक्षणवर्गांत मी क्वचितच ऐकला. स्वतःच्या घरात तो प्रश्न उभा राहीपर्यंत मीही तो कधी विचारला नव्हता, हे प्रारंभीच कबूल करतो.

माझी मुलगी नोकरीनिमित्त चंडीगढला सेक्टर ४३ मध्ये राहते. आंतरराज्य बसस्थानक आणि जिल्हा न्यायालय याच सेक्टरात असल्यामुळे रस्त्यावर दिवसभर वर्दळ, पण आतल्या गल्ल्या शांत व झाडांनी भरलेल्या. निवृत्तीनंतर एका फेब्रुवारीत तिच्याकडे गेलो असता नातीने मासे पाळण्याचा हट्ट धरला. आम्ही एका दुकानातून ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशी काचेची टाकी, वाळू, दिवा, थोड्या पाणवनस्पती आणि दहा गप्पी असे सर्व एकाच फेरीत घेऊन आलो. टाकीत झाडे लावायची म्हटल्यावर माझ्यातला कृषी अधिकारी जागा झाला. वाळूखाली मी मातीचा थर दिला आणि त्या मातीत दोन ओंजळी गांडूळखत मिसळले. जमीन सुपीक तर पीक जोमदार! त्याच संध्याकाळी मासे सोडले.

चौथ्या दिवशी सकाळी नात म्हणाली, "आजोबा, हे सगळे वर येऊन तोंड का उघडतायत?" दुपारपर्यंत तीन आणि दुसऱ्या दिवशी चार मासे गेले. अमोनिया तपासण्याचा संच मागवला, तेव्हा पिवळे राहायला हवे असलेले कुपीतले पाणी गडद हिरवे झाले. शेणखत चांगले कुजवल्याशिवाय घालू नका, पेरणीपूर्वी मातीची तपासणी करा, असे तीस वर्षे लोकांना सांगत फिरलेल्या माणसाने साठ सेंटिमीटरच्या शेतात हे दोन्ही नियम मोडले होते.

त्या टाकीत घडले ते असे. खत, उरलेले खाद्य आणि माशांची विष्ठा यांतून अमोनिया सुटतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन्ही रूपे माशाला विषारी, तिसरे बऱ्याच अंशी निरुपद्रवी आणि वनस्पतींना खाद्य. नव्या टाकीत हे जीवाणू जवळजवळ नसतातच; ते वाळूच्या कणांवर व गाळणीच्या स्पंजवर वाढून कामाला लागण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यातही पाण्याचा सामू जितका विम्ल आणि तापमान जितके अधिक, तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो. चंडीगढला भाक्रा कालव्याचे पाणी काजौली येथून येते, त्याच्या जोडीला कूपनलिकांचेही. आमच्या नळाचे पाणी विम्ल बाजूला झुकलेले होते. मराठवाड्यातील बोअरवेलच्या पाण्याशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

ही शृंखला आपण मृदाशास्त्रात शिकतो, पण तिचे नाते अ‍ॅक्वेरियमशी किती जुने आहे, हे मला या फजितीनंतर वाचताना कळले. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली, तर एक दुसऱ्याला जगवते. पुढे वनस्पतीची पाने सडून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडके खाल्ले आणि पाणी पुन्हा निवळले. घरातील वनस्पतियुक्त टाकीचा विचार येथून रुजला. त्याच नावाचा त्याचा मुलगा कृषिरसायनशास्त्रज्ञ झाला, रॉथॅमस्टेडच्या प्रयोगक्षेत्रावर गेला आणि मातीतील नायट्रीकरणावर त्याने वर्षानुवर्षे काम केले. ही क्रिया दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जीवांकडून होते, हे उलगडणाऱ्यांत त्याचे नाव घेतले जाते. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की यांनी ते जीवाणू वेगळे करून दाखवले. बापाची काचपेटी आणि मुलाचे शेत यांत एकच रसायन चालू होते. आपण विस्तारात मात्र मत्स्यविज्ञान आणि मृदाविज्ञान यांची दालने इतकी वेगळी ठेवतो की मधले दार उघडायचे राहून जाते.

माझे मत असे की, नवशिक्याला पहिली टाकी माशांची नव्हे, वनस्पतींची करून द्यावी. आम्ही दुसऱ्या खेपेस तसेच केले. उरलेले तीन गप्पी नातीच्या मैत्रिणीच्या जुन्या, रुळलेल्या टाकीत पाठवले आणि आमची टाकी रिकामी करून नव्याने भरली. तळाशी खत न घातलेली, चाळलेली बागेतली माती जेमतेम अडीच सेंटिमीटर. तिच्यावर स्वच्छ धुतलेली वाळू तीन सेंटिमीटर. वाळूत शंख-शिंपल्यांचा चुरा नको, त्याने पाणी आणखी जड होते. आपल्याकडे हा प्रयोग करणाऱ्यांनी काळी कापसाची माती टाळावी. ती फुगते, गढूळ होते आणि बहुधा चुनखडही घेऊन येते. लाल किंवा जांभ्याची माती अधिक बरी. आणि युरियाचा एक दाणाही नको, हे शेतकऱ्यांसमोर मुद्दाम बोलावे; चिमूटभर टाकून पाहण्याचा मोह किती स्वाभाविक असतो, ते मी जाणतो.

लागवड दाट हवी. दोन काड्या लावून त्या पसरण्याची वाट पाहत बसले, की तेवढ्यात शेवाळ जागा घेते; पेरणी विरळ झालेल्या वाफ्यात तण माजते तसेच. पहिल्याच दिवशी निम्म्याहून अधिक तळ झाकला जावा. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, सेराटोफिलम, हायग्रोफिला आणि आपली ब्राह्मी या चिवट, भराभर वाढणाऱ्या जाती प्रथम घ्याव्यात. पाण्यातील अमोनियम त्या थेट शोषून घेतात, म्हणजे जीवाणू सज्ज होईपर्यंत राखणीला कोणीतरी असते. दिवा रोज सहा ते आठ तास, त्याहून अधिक नाही. खिडकीचे ऊन नको. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर वगैरे नवशिक्याने दुकानातच राहू द्यावे. नळाच्या पाण्यात क्लोरिन असते, म्हणून ते दिवसभर उघडे ठेवून किंवा थायोसल्फेटचे थेंब घालूनच वापरावे. टाकी भरल्यावर तिचे वजन ६० किलोच्या वर जाते. डुगडुगणारे स्टूल हा तिचा आधार नव्हे.

पहिल्या पंधरवड्यात आमच्या हायग्रोफिलाची जुनी पाने कुजून गळू लागली. नातीला वाटले, हेही मेले. येथेच बहुतेक नवशिके हार मानतात, म्हणून याचे कारण नीट सांगायला हवे. बाजारातील पुष्कळशा पाणवनस्पती रोपवाटिकेत पाण्याबाहेर, ओलसर मातीत आणि दमट हवेत वाढवलेल्या असतात. पाण्यात बुडाल्यावर हवेतली पाने गळतात आणि शेंड्याला पाण्यात जगणारी नवी पाने फुटतात. गळालेली पाने काढून टाकावीत आणि शेंड्याकडे लक्ष ठेवावे. सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हा आम्ही सहा मासे आणले.

या वेळी गप्पी आणले नाहीत. चंडीगढच्या जानेवारीत घरातले पाणीही बरेच थंड होते, आणि हीटरवर विसंबून राहायचे नव्हते. झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब हे दोन्ही मूळचे उत्तर भारतातील ओढ्या-नद्यांचे; हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले आहे. आम्ही झेब्रा निवडले. ज्या मुलखात टाकी ठेवायची, तेथील हवामानाला साजेसा मासा निवडणे हे वाणनिवडीइतकेच साधे तत्त्व आहे, तरी दुकानात गेल्यावर आपण ते विसरतो.

आता हा विषय शेतीच्या बातमीपत्रात कशासाठी, असे कोणी विचारील. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ पासून कित्येक पिढ्यांना काचेआडचा मासा दाखवला. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि रत्नागिरीजवळचे शिरगावचे मत्स्य महाविद्यालय येथून या विषयाचे शिक्षण मिळते. कुतूहल आहे, ज्ञानही आहे. पण ज्या ग्राहकाची पहिली टाकी आठवड्यात मरते, तो पुन्हा मासे घेत नाही. टाकी माळ्यावर जाते आणि आपल्या शेतकऱ्याचा एक गिऱ्हाईक कायमचा तुटतो. उत्पादन वाढवण्यासाठी आपण साहाय्य देतो, तर ग्राहक टिकवण्यासाठी एक पान मराठीत छापून प्रत्येक पिशवीबरोबर द्यायला काय हरकत आहे? काही विक्रेते म्हणतील, मासे महिन्याने घ्या असे सांगितले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. काही जातीलही. पण जो परत येईल तो आधी रोपांसाठी, मग माशांसाठी आणि पुढे खाद्यासाठी येईल.

रोपांचा विचार तर स्वतंत्रपणे व्हावा. पाण्याबाहेर वाढणाऱ्या या वनस्पतींना तलाव लागत नाही. ज्याच्याकडे छोटे शेडनेट, फॉगर आणि ट्रे आहेत, त्याच्याकडे निम्मी तयारी झालेली आहे. शिवाय अशा रोपांबरोबर गोगलगायी आणि शेवाळ जात नाहीत, वाहतूकही ओल्या कागदात होते. हे ओपन फील्डचे पीक नव्हे आणि यातून कोणी रातोरात श्रीमंत होणार नाही. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेला जोड म्हणून मी ते सुचवतो, तेही जवळच्या शहरातील दोन-तीन दुकानदारांशी बोलणी झाल्यावरच.

मातृवृक्ष म्हणून रोपे कोठून आणायची, याबाबत मात्र मी आग्रही आहे. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात वायतुरा फुलतो. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला त्याचा तुरा कास पाहिलेल्यांना आठवत असेल. तो जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. त्याच कुळातील परदेशी वनस्पतींना अ‍ॅक्वेरियमच्या बाजारात मागणी आहे, म्हणून कोणाच्या तरी मनात सड्यावरचे कंद उपटण्याचा विचार येणारच. कास राखीव वन आहे, पण त्याच्या बाहेरच्या सड्यांवर पहारा नाही. केरळ-कर्नाटकातील डेनिसन बार्ब हा देखणा मासा शौकिनांसाठी ओढ्यांतून इतका पकडला गेला की तो आज संकटग्रस्त गणला जातो. विस्तार कार्यकर्त्याने प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी याविषयी स्पष्ट भूमिका घ्यावी. रोपवाटिकेतून किंवा ऊतिसंवर्धनातून आलेले मातृरोप नसेल, तर ती जात लावायचीच नाही.

उलट दिशेचा धोका तेवढाच मोठा आहे. शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीने आपल्या नद्या-तलावांचे काय केले, ते डोळ्यांसमोर आहे. आपली हायड्रिला १९५० च्या दशकात अ‍ॅक्वेरियमच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचली आणि तेथील कालवे तिने कोंदून टाकले. टाकीत मोठा झालेला सकर मासा कंटाळून तलावात सोडणारे लोक आपल्याकडेही आहेत, आणि देशातील अनेक पाणथळींत तो आता मुक्कामाला आहे. छाटलेल्या फांद्या उन्हात पूर्ण वाळवून मगच खतात टाकाव्यात. नकोसा मासा दुकानात परत द्यावा, तलावात कधीही सोडू नये.

माझी सूचना खर्चाची नाही. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राच्या प्रवेशदालनात साठ सेंटिमीटरची एक टाकी ठेवावी, पहिले सहा आठवडे माशांविना. शेजारी एक वही; तीत दर दोन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट, सामू आणि तापमान यांची नोंद. येणारे-जाणारे विचारतील, यात मासे का नाहीत? तो प्रश्न आला की नायट्रीकरणाचा पाठ फळ्याशिवाय सुरू होतो, आणि त्याचा शेवट ऐकणाऱ्याच्या शेणखताच्या खड्ड्यापाशी होतो. दर आठवड्याला बदललेले दहा-बारा लिटर पाणी दारातल्या कुंड्यांना जाते, म्हणून पाण्याच्या नासाडीचा आक्षेपही फारसा टिकत नाही.

सेक्टर ४३ मधली वही आता नात लिहिते. परवा फोनवर तिने सांगितले, व्हॅलिसनेरियाला आडवे धावते फुटवे आले असून एक रोप काचेला टेकले आहे. ते तोडून मैत्रिणीला द्यायचे की ठेवायचे? मी म्हटले, मुळे दोन बोटे झाली की दे, आणि देताना तिला सांग, मासे महिन्याने.