दुपट्यावरचे नाव

माल कोणाचा हे कळावे म्हणून पेढ्यांवर गोणींवर कोरीव पत्र्याच्या छाप्याने मार्का उठवला जाई. तेच तंत्र बारशाच्या दुपट्यावर बाळाचे नाव उमटवण्यास उपयोगी पडते.

फाईलच्या जाड प्लास्टिक कव्हरवर नाव लिहून धारदार कटरने अक्षरे कोरावीत. ‘व’, ‘ब’ यांच्या पोटातील भाग गळून पडू नये म्हणून त्याला बाजूशी जोडणारी अरुंद पट्टी राखावी. स्टेन्सिलचे खरे कौशल्य या पट्टीत आहे. सुती कापड आधी धुऊन खळ काढावी. स्टेन्सिलचे पारंपरिक ब्रश डुकराच्या राठ केसांचे असतात. त्याऐवजी कृत्रिम स्पंज घ्यावा. कापडासाठीचा, पाण्यात मिसळणारा रंग अगदी थोडा घेऊन थोपटत लावावा. स्पंज ओला असल्यास रंग छाप्याखाली पसरतो. रंग पूर्ण वाळल्यावर बाटलीवरील सूचनेनुसार इस्त्री करून दुपटे पुन्हा धुवावे.

बाळ हाती येईल ते टोक चोखते. म्हणून नाव काठापासून दूर, बाहेरच्या बाजूसच असावे.

छापा टाकू नये. बाळ शाळेत जाऊ लागले की तेच नाव डब्याच्या पिशवीवर उमटवता येते.