भेंडी मोडून घ्यावी, साचाही!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण मुद्दा मात्र गंभीर आहे.

सुट्टीत दोन महिने भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात ट्रेनिंगला होते. मिक्सरच्या खोक्यात बसतं ना, ते थर्माकोलचं पॅकिंग तिथे बनतं. पहिल्याच आठवड्यात मालक काकांनी नव्या साच्यासाठी तीन कोटेशनं मागवली आणि सगळ्यात स्वस्तवाल्याला ऑर्डर दिली. पैसेही सगळे आधीच दिले. साचा आला, मशीनवर चढला आणि रडकुंडीला आणलं. एका कोपऱ्यात दाणे चिकटेचनात. दुसऱ्या दिवशी नग मोजला, तर मिक्सर आत बसेना! सप्लायर फोन उचलेना. काकांची ती ऑर्डर गेली.

सगळे म्हणाले, 'परचेसवाल्याची चूक.' मला नाही पटत. ही चूक इंजिनिअरिंगची आहे.

साचा ॲल्युमिनियमचा असतो, कारण दर सायकलला तो वाफेने तापवायचा आणि पाण्याने गार करायचा असतो. भिंत कुठे जाड, कुठे पातळ असली की तापणंही कमीजास्त होणार. वाफ भिंतीतल्या बारीक व्हेंटमधून आत शिरते. एखाद्या कोपऱ्यात व्हेंट कमी पडले की तिथले दाणे कच्चे राहतात. शिवाय बाहेर काढलेला नग किंचित आकसतो, ते श्रिंकेज साचा बनवतानाच धरावं लागतं. म्हणून सप्लायरला विचारायचं: भिंतीची जाडी किती? व्हेंट कुठे कुठे? आमच्या डेन्सिटीला श्रिंकेज किती धरलंत? आमच्या मशीनची मापं घेतलीत का? जो 'टेन्शन घेऊ नका, होऊन जाईल' म्हणतो, त्याचंच टेन्शन घ्यायचं!

माझी आजी मंडईत टोक मोडून बघितल्याशिवाय भेंडी घेत नाही. (हॉस्टेलवाल्यांनो, भाजीच म्हणतेय!) थर्माकोलचंही तेच. सप्लायरने आधी बनवलेल्या साच्यातला नग मागा आणि सरळ मोडा. तडा दाण्यांच्या आरपार गेला, तर दाणे छान चिकटलेत. अख्खे दाणे सुटून आले, तर नमस्कार करून उठा. मग त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला फोन करा. आणि आपल्या मशीनवर ट्रायल पास होईपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही.

आता खरं सांगते. ती कोटेशनं माझ्याही हातात आली होती. स्वस्तवाल्याच्या कागदावर श्रिंकेजचा उल्लेखच नव्हता, हे मला दिसलं होतं. पण 'ट्रेनीने कशाला बोलायचं' म्हणून गप्प बसले. काकांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, रोज चहा मात्र पाजला. तेच जास्त लागलं.

चार वर्षं आपण उत्तरं पाठ करतो. सर, रागावू नका, पण एखाद्या प्रॅक्टिकलला आम्हाला खरीखुरी कोटेशनं द्या आणि नुसते प्रश्न काढायला सांगा. मार्क प्रश्नांना द्या. व्हायव्हात तुम्ही विचारता, आम्ही घाबरतो. एकदा उलटं होऊ द्या की!

बघा पटतंय का.