जिलेबी म्हणू नका

आमच्या घरी फराळाच्या वेळी एक खेळ चालतो. कडबोळं वळायचं, टोकं जुळवायची आणि मास्तर वहीत बरोबरची खूण करतात तशी पिठाची एक खूण त्याच्या डोक्यावर चिकटवायची. झाला तेलुगूतला 'र'. तळताना खूण बहुधा तेलात हरवते आणि 'र'चं पुन्हा कडबोळं होतं.

नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या लोह्यात ही लिपी वाचणारे थोडे, पण ओळखणारे सगळे. तांदळाच्या पोत्यावर, मिरचीच्या गोणीवर, देगलूरच्या स्टँडवर लागलेल्या तेलंगणच्या बसवर ती दिसतेच. आणि सगळ्यांनी मिळून तिला एकच नाव ठेवलंय: जिलेबी. यंदाचा दिवाळी अंक अक्षरांवर काढायचं ठरलं, तेव्हा आमच्याच बैठकीत एकानं विचारलं, "जिलेबीचं आपल्याला काय करायचंय?" विचारणाऱ्याचं आडनाव 'वार'नं संपणारं. हा 'वार' तेलुगूतल्या 'वारु'चा, म्हणजे अमक्या घरचे, अमक्या गावचे. हे त्याला सांगितल्यावर चहा येईपर्यंत बैठक शांत होती.

खरं उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या दगडांवर कोरलेलं आहे. श्रीनिवास रित्ती आणि जी. सी. शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातले शिलालेख गोळा केले आणि १९६८ साली नांदेडच्या यशवंत महाविद्यालयानं ते पुस्तकरूपात काढले. होट्टल, तडखेल अशा देगलूरकडच्या, आपल्या ओळखीच्या गावांतले त्यातले कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले. आणि त्या काळी कन्नड आणि तेलुगू यांची लिपी जवळपास एकच होती. अभ्यासक तिला तेलुगू-कन्नड लिपीच म्हणतात. तेराव्या ते पंधराव्या शतकाच्या दरम्यान दोघी बहिणी वेगळ्या होत गेल्या आणि पुढे छापखान्यानं त्यांच्या वाटणीवर शिक्का मारला. म्हणजे पोत्यावरच्या अक्षराची आजी देगलूरकडची. शेजारचं कंधार तर राष्ट्रकूटांचं. त्यांच्या दरबारातल्या नवव्या शतकातल्या 'कविराजमार्ग' या ग्रंथात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. (सीमावादात हे कुणी कुणाच्या अंगावर फेकू नये, एवढी विनंती.)

त्याच्या मागे गेलं की ब्राह्मी. तिची एक फांदी उत्तरेत वाढून नागरी झाली, दुसरी दक्षिणेत कदंब-चालुक्यांच्या हातून गोल होत गेली. तेलुगूतला सर्वांत जुना मानला जाणारा लेख कडप्पा जिल्ह्यातल्या कलमल्लाचा, इ. स. ५७५च्या सुमाराचा. ही गोलाई कशामुळे आली, तर ताडपत्रामुळे असं सांगतात. लोखंडी टोकानं पानावर आडवी सरळ रेघ ओढली की ते शिरेच्या बाजूनं चिरतं. जुन्या अक्षरांच्या डोक्यावर एक लहानशी आडवी खूण असायची. आपल्याकडे ती लांबत लांबत शिरोरेषा झाली. तिकडे ती आखडून बरोबरची खूण झाली. तिला तेलुगूत तलकट्टू म्हणतात. तल म्हणजे डोकं, कट्टू म्हणजे बांधणं. थोडक्यात, पटका.

खिशातली नोट काढून बघा. मागच्या पट्टीवर पंधरा भाषा आहेत. मराठी बरोबर मधोमध, आठवी. कन्नड वरून चौथी, तेलुगू खालून दुसरी. दोन्हींतला 'रू' शोधा: अंग तेच, पटका तेवढा वेगळा बांधलेला.

वळणं परकी वाटली तरी आतली मांडणी घरचीच आहे. क-ख-ग-घ तसंच, बाराखडीही तशीच, फक्त तिला गुणिंतम म्हणतात. उकाराला कोम्मु, म्हणजे शिंग. अनुस्वार मात्र आपल्यासारखा डोक्यावरचा ठिपका नाही. अक्षराच्या शेजारी अख्खं वाटोळं शून्य मांडतात आणि त्याला सुन्नाच म्हणतात. हिंदीवाल्यांना न जमणारा ळ आपल्याकडे आहे, तेलुगूकडेही आहे. 'चूल'मधला च वेगळा आणि 'चहा'मधला वेगळा, हे परक्याला समजावताना आपली जी दमछाक होते, तीच तेलुगू माणसाचीही होते. त्यांच्याकडेही च-जचे दोन-दोन उच्चार आहेत.

जोडाक्षरात मात्र स्वभाव दिसतो. आपण पहिल्या अक्षराला अर्धं करतो, दंड काढून घेतो आणि पुढच्याला चिकटवतो. तेलुगू पहिल्याला हात लावत नाही. ते पटक्यासकट, वेलांटीसकट अख्खं उभं राहतं आणि दुसरं बारीक होऊन त्याच्या पायाशी बसतं. त्याला ओत्तु म्हणतात. 'होट्टल' हे नाव लिहिताना ट खाली ट आपणही बसवतोच की.

आणि जिथे आपली लिपी कमी पडते तेही सांगायला हवं. तेलुगूत ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत, दीर्घही, आणि त्यांना वेगळी अक्षरं आहेत. त्यामुळे 'तेलुगू' हा शब्द आपण लिहितो तिथेच दोनदा चुकतो: पहिला 'ते' त्यांचा ऱ्हस्व, शेवटचा 'गु'ही ऱ्हस्व. 'गू' आपल्या शुद्धलेखनाच्या नियमानं लांबवला. 'ते'साठी तर आपल्याकडे चिन्हच नाही.

फेब्रुवारी २०१८मध्ये याच लिपीतल्या एका अक्षरानं जगभरचे आयफोन बंद पाडले होते. मेसेजमध्ये ते आलं की ॲप कोसळायचं. अक्षर होतं 'ज्ञा'. आपण त्याला 'द्न्या' म्हणतो, ते 'ग्ना' म्हणतात, आणि यंत्राला काहीच म्हणता येईना.

हाच 'ज्ञा' धर्माबादच्या पुढच्या स्टेशनावर भेटतो. बासर, ज्ञानसरस्वतीचं ठाणं, गोदाकाठी. मुलांना पहिलं अक्षर गिरवायला तिथे नेतात. तेलंगणातून नेतात तसं आपल्याकडूनही नेतात. मागे आम्ही नातीला घेऊन गेलो होतो. आजोबाच्या मांडीवर नात, पुढ्यात पाटी. गुरुजींनी तिचा हात धरून ॐ काढला, त्यांच्या वळणाचा: गोलमटोल ओ आणि शेजारी सुन्ना. त्यांनी हात सोडला. नात अंगणवाडीत 'अ' शिकलेली. तिनं पाटी थोडा वेळ निरखली, मग खडू घेतला आणि त्या दोन्ही गोलांच्या डोक्यावरून एक लांब आडवी रेघ ओढली.

गुरुजी हसले. पाटी पुसली नाही. ती आम्ही तशीच फडक्यात बांधून लोह्याला आणली.