बैठक आपली, वाडा कोणाचा?

संगणकावर गप्पांची बैठक जमवितांना वाडा कोणाचा, हें आपण क्वचितच विचारतों. १९८८ सालीं फिनलंडांत निघालेल्या ‘आयआरसी’ या संभाषणपद्धतीचे नियम सर्वांस खुले आहेत. म्हणूनच मे २०२१ मध्यें ‘फ्रीनोड’ या तिच्या प्रसिद्ध जाळ्याच्या मालकीवरून तंटा होतांच स्वयंसेवकांनीं ‘लिबेरा चॅट’ उभारलें, आणि अनेक मंडळें जुनींच साधनें घेऊन तिकडे गेलीं. २०१४ सालच्या ‘मॅट्रिक्स’ पद्धतींत तर बैठकीची प्रत सहभागी सर्व्हरांपाशीं राहते. एक बंद पडला तरी इतरांची बैठक मोडत नाहीं. स्वतःचा सर्व्हर राखण्यास श्रम व पैसा लागतो, हें खरें. तथापि आमच्या वाचकांस इतकेंच सुचवावयाचें कीं, सतरंजी अंथरण्यापूर्वीं वाड्याचा मागील दरवाजा पाहून ठेवावा.